एकाच बैठकीत तीन वेगळे आकडे: बीपी मशीन बिघडलंय का?

ओसरी

आईसाठी दंडावर बांधायचं स्वयंचलित बीपी मशीन घेतलंय. एकापाठोपाठ तीनदा मोजलं की आकडे असे येतात: १५२/९४, १३९/८८, १३१/८४. क्रम कायम उतरता, आणि थोड्याफार फरकाने हे रोजचंच. त्याच आठवड्यात दवाखान्यात १३४/८२ आलं होतं.

मोजण्याची पद्धत अशी: सोफ्यावर बसून, डावा हात मांडीवर, मशीनसोबत आलेला कफ (दंडावर गुंडाळायचा फुगणारा पट्टा), बाहीवरून. एक मोजून झालं की लगेच दुसऱ्यांदा बटण दाबते. बॅटऱ्या नव्या आहेत.

या तिन्हींतला कुठला आकडा वहीत लिहायचा? मशीनमध्येच खोट असेल तर ते घरच्या घरी कसं ओळखायचं? मशीन परत करायची मुदत संपत आलीय, म्हणून जरा घाई आहे.

लंबक

परत करायच्या आधी हे वाचा. तुम्ही लिहिलेल्या पद्धतीत निदान चार गोष्टी अशा आहेत की मशीन कितीही चांगलं असलं तरी आकडा वरच येईल.

आधी मशीन करतं काय ते बघू. या मशीनला वरचा आणि खालचा आकडा थेट कळत नाही. कफ फुगून दंडातली धमनी दाबली जाते, मग हवा हळूहळू सुटते. रक्त पुन्हा वाहू लागतं तशी प्रत्येक ठोक्याला कफमधल्या हवेत बारीक थरथर होते. ही थरथर सगळ्यात मोठी असते तो दाब म्हणजे साधारण सरासरी रक्तदाब. त्यावरून वरचा आणि खालचा आकडा मशीन हिशेबाने काढतं, आणि तो हिशेब प्रत्येक कंपनीचा आपापला असतो, बाहेर कोणी सांगत नाही. (काही मशीनं हवा भरतानाच मोजतात, तत्त्व तेच.) म्हणजे सगळा खेळ त्या थरथरीवर. बोललं, हात हलला, बोटं आवळली, बाही मध्ये आली, की थरथरीत भेसळ होते आणि हिशेब चुकतो.

आता तुमचा उतरता क्रम. बसल्या बसल्या लगेच मोजलं तर पहिला आकडा जास्त येणं अगदी नेहमीचं आहे. चालून आल्याचा परिणाम उतरलेला नसतो, शिवाय कफ पहिल्यांदा आवळतो तेव्हा शरीर थोडं दचकतंच. म्हणून आधी पाच मिनिटं नुसतं बसायचं. नुसतं म्हणजे नुसतं: फोन नाही, टीव्ही नाही, गप्पा नाहीत. एवढं केलं तर पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातलं २१ चं अंतर बरंच आटोक्यात येईल. लागोपाठ बटण दाबणंही टाळा. कफ सुटल्यावर शिरांमध्ये तुंबलेलं रक्त ओसरायला वेळ लागतो, निदान एक मिनिट द्या.

हात मांडीवर ही दुसरी चूक, आणि ही घरोघरी होते. कफ हृदयाच्या पातळीत हवा, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या साधारण मध्यावर. त्याच्या खाली गेला की वरच्या रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात मिळतं. हिशेब सोपा आहे: दर १० सेंटिमीटरला जवळपास ८ मिमी पारा (बीपीचे आकडे याच एककात असतात). २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हात टेबलाऐवजी मांडीवर ठेवला तेव्हा वरचा आकडा सरासरी ३.९ ने आणि खालचा ४ ने जास्त आला. हात शेजारी लोंबता ठेवला तर ६.५ आणि ४.४ ने. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी केलेली चादर किंवा उशी ठेवा. हात स्वतःच्या जोराने उचलून धरायचा नाही, स्नायू ताणले की आकडा पुन्हा चढतो.

तिसरं, सोफा. सोफ्यात माणूस रुततो, पाठ वाकते, पोट दबतं. सरळ पाठीची खुर्ची घ्या. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाय जमिनीला पुरत नसतील तर खाली पाट ठेवा.

चौथं, बाही. कफ उघड्या दंडावरच. बाही गुंडाळून वर सरकवली आणि ती घट्ट बसली तर दंडाला फास पडतो, ते आणखी वाईट. सैल बाहीचा किंवा बिनबाह्यांचा कपडा बरा.

कातरवेळ

लंबक यांच्या उत्तराला अनुमोदन. एक राहिलं: लघवी करून मग बसायचं. मूत्राशय भरलेलं असेल तर वरचा आकडा १० ते १५ ने चढू शकतो, आणि वयस्कर माणसं "आधी मोजून घेऊ, मग जाते" म्हणून हमखास थांबतात. चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम यांपैकी काहीही झालं असेल तर अर्धा तास जाऊ द्या.

आणि मोजताना शेजारी बसून "किती आलं, किती आलं" विचारू नका. उत्तर दिलं तरी आकडा वाढतो.

सुतावरून

सगळे बसण्याबद्दल बोलताहेत, पण मला खरा संशय कफवर आहे. ओसरी, दंडाचा घेर मोजलात का? प्रश्नात तो कुठेच नाही.

शिंप्याची मापाची टेप घ्या. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये खूण करा, हात सैल सोडा आणि त्या खुणेवर घेर मोजा. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. मग कफवर छापलेली मर्यादा बघा. बहुतेक मशीनसोबत येणारा कफ २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. काही कंपन्या २२ ते ४२ असा रुंद पल्ल्याचा देतात. आतली हवेची पिशवी लांबीला दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदीला सुमारे ४० टक्के हवी. पिशवी अपुरी पडली तर धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते, आणि मशीन तो जादा दाब तुमच्या खात्यावर मांडतं.

किती फरक पडतो? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सगळ्यांना मुद्दाम नेहमीच्या मापाचा कफ लावून पाहिला. ज्यांना एक माप मोठा लागत होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला, ज्यांना त्याहून मोठा लागत होता त्यांचा १९.५ ने. उलट ज्यांना लहान कफ हवा होता त्यांचा ३.६ ने कमी. म्हणजे बारीक दंडाच्या माणसाचं वाढलेलं बीपी मोठा कफ झाकून टाकतो. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण कमी आकडा सगळ्यांना आवडतो.

बांधण्याबद्दलही थोडं. कफची खालची कड कोपराच्या लवणीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. नळी किंवा बाणाची खूण दंडाच्या आतल्या बाजूला, धमनीच्या रेषेत. तळहात वर केला की नळी मधल्या बोटाच्या दिशेने उतरायला हवी. कडेखाली दोन बोटं सरकतील इतपत घट्ट. सैल बांधला तर फुगताना पिशवीला मधोमध फुगवटा येतो, दाब अरुंद पट्ट्यावरच पडतो आणि आकडा पुन्हा वर.

निवांतपणी

एवढी यातायात कशाला? तीनदा मोजायचं आणि सगळ्यात कमी आलेला आकडा लिहायचा. शरीर शांत असतानाचा तोच खरा.

लंबक

निवांतपणी, नाही. सोयीचा आकडा निवडायचा म्हटलं की वहीला काही अर्थ उरत नाही. डॉक्टर गोळीचा डोस त्या वहीवरून ठरवतात. रक्तदाब ठोक्यागणिक बदलत असतो, खरा असा एकच आकडा नसतोच, म्हणून सरासरी.

रीत ठरलेली आहे. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मोजमापांत एक मिनिट. सकाळचं मोजमाप उठल्यावर, लघवी झाल्यावर, पण न्याहारीच्या आणि बीपीच्या गोळीच्या आधी. असं सलग सात दिवस, फारच अडचण असेल तर निदान तीन. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण नवखेपणामुळे ते जास्त येतात. सात दिवसांचे २८, त्यातले ४ वजा, उरलेल्या २४ ची सरासरी. वरच्या आकड्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. आवडला नाही म्हणून कुठलाही आकडा गाळायचा नाही, मशीनने चूक दाखवली तरच पुन्हा मोजायचं.

ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची धरतात. घरची रेघ दवाखान्यापेक्षा खाली आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि १३८ आला की "चाळीसच्या आत आहे" म्हणून निर्धास्त होतात. अमेरिकेत २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांपासून दोन्हीकडे १३०/८० धरतात. आईसाठी लक्ष्य किती हे तिच्या वयावर आणि बाकीच्या आजारांवर ठरेल, ते तिचे डॉक्टरच सांगतील.

सरासरी निघाली की मोजणं आवरतं घ्या. दिवसातून दहादा मोजणाऱ्याला काळजीनेच बीपी चढतं. औषध बदललं किंवा डॉक्टरांकडे जायची तारीख जवळ आली की पुन्हा आठवडाभर.

ओसरी

सगळ्यांचे आभार. घेर मोजला: ३४.५ सेंटिमीटर. कफवर छापलंय २२ ते ३२. सुतावरून, संशय बरोबर निघाला.

सरळ खुर्ची, टेबलावर हात, पाच मिनिटं शांत, याच कफने पुन्हा घेतलं: १४०/८७, १३७/८६. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. आता मोठा कफ घ्यायचा तर दुसऱ्या कंपनीचा चालेल का? नळीचं टोक तर सारखंच दिसतं. आणि मशीन तपासून कसं घ्यायचं ते राहिलंच.

सुतावरून

चालणार नाही. टोक बसलं म्हणजे कफ जुळला असं नाही. लंबक यांनी वर लिहिलेला हिशेब त्या कंपनीने स्वतःच्या कफवर बसवलेला असतो. पिशवीचं आकारमान, कापडाची लवचिकता बदलली की थरथर बदलते. कफ त्याच कंपनीचा आणि तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात ज्याचा उल्लेख आहे तोच घ्या. पत्रकात मोठा कफ दिलेलाच नसेल तर हे मशीन तुमच्या कामाचं नाही. परत करायला हे कारण पुरेसं आहे, बिघाड सिद्ध करत बसायची गरज नाही.

बदलून दुसरं घेणार असाल तर खोक्यावरच्या 'क्लिनिकली टेस्टेड' वर जाऊ नका, ते कोणीही छापतो. मॉडेलची स्वतंत्र पडताळणी झाली आहे का ते बघा. त्यासाठीचं मानक आयएसओ ८१०६०-२. त्यात निदान ८५ माणसांवर प्रशिक्षित निरीक्षकांच्या मोजमापाशी तुलना होते, सरासरी फरक ५ मिमीच्या आत आणि विखुरणं (प्रमाण विचलन) ८ च्या आत लागतं. पडताळणी झालेल्या मॉडेलांच्या याद्या स्ट्राइड बीपीसारख्या संस्थांनी खुल्या ठेवल्यात. मॉडेलचा क्रमांक अक्षर न अक्षर जुळवा, एखादं अक्षर वेगळं म्हणजे मशीन वेगळं असू शकतं. ब्लूटूथ, रंगीत पडदा, बोलणारा आवाज यांचा अचूकतेशी संबंध नाही. (आवाज तर बंदच ठेवा. आकडा मोठ्याने ऐकला की पुढचा चढतो.) स्मृती मात्र उपयोगाची, तारीख-वेळेसह आकडे साठवणारं आणि दोन माणसांची खाती वेगळी ठेवणारं असेल तर वहीतल्या चुका टळतात. तारीख-वेळ पहिल्या दिवशीच लावून घ्या.

लंबक

मशीन तपासायची घरची पायरी फक्त गळतीपुरती. कफ फुगताना पंप नेहमीपेक्षा जास्त वेळ घरघरत राहतो, सुस्स असा आवाज येतो, किंवा फुगता फुगता मध्येच थांबून चुकीची खूण दाखवतो, तर हवा गळतेय. आधी नळीचं टोक मशीनमध्ये शेवटपर्यंत बसलंय का बघा. मग नळी बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत चाचपा. कफ घट्ट गुंडाळून त्याभोवती नळी आवळून ठेवायची सवय असते, त्याने सांध्यापाशी चीर पडते. फुगताना चर्र आवाज होऊन पट्टा उघडत असेल तर वेल्क्रो थकलाय, त्यात अडकलेले धागे आणि केस टाचणीने काढून बघा. नाहीतर कफ बदला, मशीन नाही. कमजोर बॅटऱ्यांनी पंप मंदावतो आणि चुकीच्या खुणा वाढतात. काही महिने वापर नसेल तर बॅटऱ्या काढून ठेवा, त्या पाझरल्या तर संपर्काच्या पट्ट्या गंजतात.

अचूकतेची परीक्षा मात्र दवाखान्यातच. मशीन आणि कफ दोन्ही सोबत न्या. पाच मिनिटं बसल्यावर, एकाच हातावर, आलटून पालटून: तुमचं, त्यांचं, तुमचं, त्यांचं, मध्ये एकेक मिनिट. दोन-दोन आकड्यांची सरासरी काढून वरच्या आकड्यातला फरक बघा. ५ पर्यंत असेल तर उत्तम. ६ ते १० असेल तर कफ आणि हाताची पातळी तपासून पुन्हा एकदा. १० च्या वर राहत असेल तर त्या मशीनवर औषधाचा निर्णय नको. घरी सकाळी मोजलेलं आणि दवाखान्यात संध्याकाळी मोजलेलं यांची तुलना करून मशीनला दोष देता येत नाही. तुमच्या १३४/८२ चंही तेच, वेळ वेगळी, हाताची पातळी वेगळी. ही परीक्षा वर्षातून एकदा घ्या, मशीन हातातून पडलं तर लगेच.

तिथे पाऱ्याचं मशीन दिसलं नाही तर दचकू नका. पाऱ्याच्या वापराबद्दलच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार पाऱ्याच्या रक्तदाबमापकांचं उत्पादन २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं. पारा गेला, 'मिमी पारा' हे एकक तेवढं राहिलं.

कातरवेळ

ओसरी, डावा हात कोणी सांगितला? पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजायचं, जिथे वरचा आकडा जास्त येतो तो हात कायमचा. फरक पुन्हा पुन्हा मोजूनही १५ च्या वर राहिला तर डॉक्टरांच्या कानावर घाला, कमी येणाऱ्या बाजूची धमनी अरुंद झालेली असू शकते. डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनी यांची जोडणी) केलेल्या हातावर कफ बांधायचा नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर ती बाजूही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पडद्यावर हृदयाची खूण लुकलुकली की ठोके अनियमित असल्याचा इशारा. कधीतरी हलल्यामुळेही येतो. वारंवार येत असेल तर ईसीजी काढून घ्या. ठोक्यांची लय बिघडलेली असताना ही मशीनं कमी भरवशाची, तेव्हा दोनऐवजी तीन मोजमापांची सरासरी.

निवांतपणी

पटलं, सरासरीच काढेन. मनगटावरच्या मशीनचं काय? मोठ्या कफची कटकटच नाही. आणि घड्याळं आहेतच.

सुतावरून

मनगटाचं मशीन दंडाला कफ बसतच नसेल तर, आणि तेही पडताळलेलं मॉडेल असेल तरच. मनगट हृदयाच्या पातळीत आणून स्थिर धरावं लागतं, आणि तिथे १०-१५ सेंटिमीटर खाली-वर व्हायला काहीच लागत नाही. वरचा दर १० ला ८ चा हिशेब लावून बघा. मनगट वाकलं तरी आकडा बदलतो. बिनकफची घड्याळं दाब मोजत नाहीत, नाडीच्या लहरीवरून अंदाज बांधतात, आणि बहुतेकांना तो जुळवून द्यायला अधूनमधून कफचंच मशीन लागतं. निदानासाठी किंवा गोळी ठरवायला ती नकोत.

गरोदर बाईसाठी घेत असेल कोणी, तर गरोदरपणासाठी वेगळी पडताळणी झालेलंच मॉडेल घ्या. नेहमीची बरीच मशीनं, विशेषतः प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार), आकडा कमी दाखवू शकतात.

कातरवेळ

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, म्हणजे घाबरगुंडी उडणार नाही: आकडा १८०/१२० किंवा वर आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा. तरी तेवढाच, पण बाकी काही त्रास नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. मनाने जास्तीची गोळी घ्यायची नाही, दाब झपकन उतरवणंही धोक्याचं असतं. पण छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं यातलं काही असेल तर पुन्हा मोजत बसायचं नाही, थेट तातडीच्या विभागात.

ओसरी

माहितीपत्रक पाहिलं. याच मॉडेलसाठी २२ ते ४२ चा कफ वेगळा मिळतो, तोच मागवतेय, मशीन ठेवते. उजव्या हातावर ५ ने जास्त येतंय, म्हणजे आता उजवा. शेवटची शंका: तोवर जुन्या कफने घेतलेले आकडे वहीत ठेवू की खोडू?

लंबक

खोडू नका. आडवी रेघ मारून शेजारी 'कफ २२-३२, डावा हात, हात मांडीवर' एवढं लिहा. नव्या कफचा सात दिवसांचा हिशेब रेघेखाली सुरू करा आणि सरासरीत फक्त तेच धरा. डॉक्टरांनी मधल्या काळात जुन्या आकड्यांवरून गोळी वाढवली असेल तर त्यांना हे पान जरूर दाखवा.